उपनगरातील शहरात राहायला जावे का? फायदे-तोट्यांचा पाठ (संदर्भ : भिवंडी)



परिसर अभ्यासात स्थलांतर शिकवताना आपण सांगतो की काम, शिक्षण, लग्न, दुष्काळ अशा कारणांनी माणसे जागा बदलतात. मुले ते पाठ करतात आणि पेपरात लिहितात. पण भिवंडीच्या वर्गात हा विषय शिकवायला पुस्तक उघडायचीही गरज नाही. बाकावर बसलेली निम्मी मुले कुठून ना कुठून आलेलीच असतात. आणि दरवर्षी एप्रिल-मे महिन्यात कोणीतरी पालक विचारतोच, "बाई, इकडे फ्लॅट बघतोय. येऊ का? पोराला तुमच्याकडे टाकू का?"

"या" किंवा "नका येऊ" असे एका शब्दात उत्तर देता येत नाही. म्हणून हा पाठ.

लोक भिवंडीत का येतात?

भिवंडी हे मुळात हातमागाचे आणि नंतर यंत्रमागाचे गाव. उत्तर प्रदेशातील विणकर आले, तेलंगणातील पद्मशाली आले. म्हणूनच इथे महापालिकेच्या शाळा मराठीबरोबर उर्दू, हिंदी, तेलुगू माध्यमाच्याही आहेत. पुढे गोदामे आली. मुंबईत जकात होती तेव्हा माल हद्दीबाहेर ठेवणे परवडायचे. त्यामुळे राहनाळ, माणकोली, पूर्णा या पट्ट्यात गोदामे वाढली. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि जकात गेली, पण मुंबई-नाशिक महामार्ग जवळ असल्यामुळे गोदामे राहिली. आता तिसरी लाट घरांची आहे. ठाण्याची खाडी ओलांडली की कशेळी, काल्हेर भागात नव्या इमारती दिसतात. मुंबई-ठाण्यात जागा परवडत नाही, म्हणून माणसे इकडे येतात.

फायदे

१. त्याच पैशात मोठे घर मिळते. अभ्यासाला एक कोपरा मिळतो, हे लहान गोष्ट समजू नका.
२. भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या घरात जाता येते. दर अकरा महिन्यांनी करार संपला की सामान उचलायचे, हे थांबते. मुलाची शाळाही मग वारंवार बदलत नाही.
३. गोदामे, कारखाने, वाहतूक यांत जवळच काम मिळू शकते.

तोटे

१. मुंबईला थेट लोकल नाही. भिवंडी रोड स्टेशन आहे, पण ते वसई-दिवा मार्गावर. नोकरदार माणसाला आधी ठाणे किंवा कल्याण गाठावे लागते, आणि रस्त्यावर गोदामांचे कंटेनर असतात.
२. "मेट्रोजवळ घर" अशी जाहिरात असते. ठाणे-भिवंडी-कल्याण या मेट्रो ५ चे भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झाले. तेव्हा पहिलीत असलेले मूल २०२३ ला पाचवी पास झाले, तोपर्यंत मेट्रो धावली नव्हती. जी सोय आज नाही, ती आजच्या हिशोबात धरू नये.
३. धूळ, मागांचा खडखडाट, काही भागांत ठरावीक वेळेलाच येणारे पाणी.
४. इमारतीची सुरक्षितता. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे पटेल कंपाउंडमधील जिलानी इमारत झोपलेल्या माणसांवर कोसळली. तीसपेक्षा जास्त माणसे गेली, त्यात लहान मुलेही होती. म्हणून स्वस्त मिळतेय एवढेच बघू नका. नव्या प्रकल्पाची महारेरा नोंदणी आणि तयार इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र मागा. जुनी इमारत असेल तर संरचनात्मक तपासणी झाली आहे का ते विचारा.

पण फायदा कोणाचा आणि तोटा कोणाचा?

आपण तक्ता काढतो, एका बाजूला फायदे, दुसऱ्या बाजूला तोटे. बेरीज-वजाबाकी केली की झाले. इथेच गडबड होते. घर एकच असले तरी फायदा एकाच्या वाट्याला येतो आणि तोटा दुसऱ्याच्या. हप्ता परवडतो हा फायदा सगळ्यांचा दिसतो. पण पाण्याच्या वेळेला घरी थांबायचे कोणी? बहुतेक आईनेच. ओळखीचा दवाखाना, भजनाच्या बायका सुटल्या कोणाच्या? आजीच्या. मित्र सुटले मुलाचे. घर घेताना या तिघांना कोणी विचारत नाही.

वर्गात घ्यायचा उपक्रम (इ. ४ थी, ५ वी)

फळ्यावर दोनऐवजी चार रकाने आखा : आई, बाबा, आजी-आजोबा, मी. जागा बदलल्यावर प्रत्येकाला काय मिळाले आणि काय गेले, ते मुलांनी लिहायचे. आमच्या चौथीत हा उपक्रम घेतला तेव्हा "मी"च्या रकान्यात सायकल, गच्ची, मोठी खोली असे बरेच काही आले. "बाबा"च्या रकान्यात मात्र अनेकांनी एकच वाक्य लिहिले होते : बाबा रविवारी दिसतात.

याला गणित जोडा. जाताना एक तास आणि येताना एक तास जास्त लागत असेल, तर २५ दिवसांत किती? ५० तास. म्हणजे महिन्यातले दोन पूर्ण दिवस, वर दोन तास. घराच्या किमतीत हे तास कुठेच लिहिलेले नसतात.

पालकांनी शाळेबाबत एवढे बघावे

- घर महापालिकेच्या हद्दीत आहे की ग्रामपंचायतीच्या? कशेळी, काल्हेर ग्रामपंचायतीत येतात. तिथे सरकारी शाळा म्हणजे जिल्हा परिषदेची.
- टोकन देण्याआधी शाळा बघा. मुलाच्या माध्यमाची शाळा चालत किती लांब आहे, वाटेत कंटेनरचा रस्ता ओलांडावा लागतो का, ते शाळा सुटायच्या वेळी स्वतः चालून बघा.
- शक्यतो मे महिन्यात जा, म्हणजे जूनला मूल सगळ्यांबरोबर सुरुवात करते.
- मध्येच जावे लागले तरी मुलाला घरी बसवू नका. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम ५ प्रमाणे सरकारी किंवा अनुदानित शाळेला दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणूनही प्रवेश नाकारता येत नाही.

शिक्षकांनाही एक विनंती. वर्षाच्या मध्ये आलेले मूल पहिले काही दिवस गप्प असते. त्याला लगेच "कच्चे" ठरवू नका. त्याचे अख्खे जग बदललेले असते. त्याला वर्गातला एक जोडीदार द्या आणि त्याच्या जुन्या गावाबद्दल चार वाक्ये बोलायला सांगा.

आणि जे पालक अजून विचार करताहेत, त्यांनी हा चार रकान्यांचा तक्ता घरी जेवायच्या वेळी मांडावा. सगळ्यांना विचारून घेतलेला निर्णय "जाऊ या" असो वा "नको", त्यात सोसणाऱ्याला निदान माहीत असते की आपण कशासाठी सोसतोय.