बिकिनी बेटावरील पहाट

शाळेच्या प्रयोगशाळेत एखादा प्रयोग फसला, तर फार तर एखादी काचनळी फुटते. परंतु अथांग समुद्र आणि मोकळे आकाश हीच ज्याची प्रयोगशाळा, तो प्रयोग फसला तर काय होते?

१९५४ च्या प्रारंभी पॅसिफिक महासागरातील मार्शल बेटांपैकी बिकिनी या प्रवाळद्वीपावर अमेरिकेने हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची सिद्धता केली. तेथील १६७ रहिवाशांना अणुचाचण्यांसाठी १९४६ मध्येच घरे सोडावी लागली होती. आता सेनाधिकारी आणि शास्त्रज्ञ यांचे संयुक्त दल तेथे अहोरात्र खपत होते. स्फोटातील प्रारणे मापकयंत्रांपर्यंत नेण्यासाठी नळ्यांच्या लांबच लांब रांगा उभारल्या गेल्या. कॅमेरे, विमाने, जहाजे यांच्या जागा ठरल्या. समुद्रातील धोक्याचा टापू आखून जाहीर करण्यात आला. हवामानतज्ज्ञ निरनिराळ्या उंचीवरील वारे तपासू लागले. कारण किरणोत्सारी धूळ वारा नेईल तिकडेच जाणार होती.

आदल्या रात्री वारे प्रतिकूल होत असल्याचे कळले. तरीही बेत पुढे ढकलला गेला नाही. १ मार्च रोजी सकाळी पावणेसात वाजता स्फोट झाला. त्याचा जोर पाच-सहा मेगाटन असेल असा अंदाज होता. प्रत्यक्षात तो १५ मेगाटन निघाला. एक मेगाटन म्हणजे दहा लाख टन टी. एन. टी. या स्फोटकाची शक्ती. लिथियमचा जो प्रकार निष्क्रिय राहील असे गृहीत धरले होते, त्यानेही क्रियेत भाग घेतला होता.

सुमारे दीडशे किलोमीटरांवरील राँगेलॅप बेटावर पांढरी राख पडू लागली. १९४६ च्या चाचण्यांच्या वेळी तेथील लोकांना आधीच दूर नेले होते; या वेळी ती दक्षता घेतली गेली नव्हती. मुले त्या राखेत खेळली. लोकांना हलविले, तेव्हा दोन दिवस उलटून गेले होते. धोक्याच्या टापूबाहेर असलेल्या एका जपानी मासेमारी नौकेवरील २३ खलाशांवरही तीच राख पडली. त्यांपैकी बिनतारी संदेशवाहक कुबोयामा सप्टेंबरमध्ये मरण पावले.

या वार्तेने जग हादरले. २ एप्रिल १९५४ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी लोकसभेत अशा चाचण्या थांबविण्याचे आवाहन केले. १९६३ मध्ये वातावरणात, पाण्याखाली व अंतराळात चाचण्या न करण्याचा करार झाला. भूगर्भातील चाचण्या मात्र त्यात वगळल्या होत्या.

बिकिनीच्या योजनेत यंत्रांची जागा काटेकोरपणे ठरली होती. शेजारच्या बेटावरील माणसांचा विचार मात्र अपुरा राहिला. गणित चुकले शास्त्रज्ञांचे, पण त्याचे मोल दिले त्या गणिताशी काहीही संबंध नसलेल्यांनी. ज्ञानाला सामर्थ्य येते तेव्हा त्याची जबाबदारीही तितकीच वाढते, हे आपण विसरता कामा नये.

स्वाध्याय
१. चाचणीपूर्वी वाऱ्याची दिशा तपासणे का आवश्यक होते?
२. स्फोटाच्या जोराचा अंदाज कशामुळे चुकला?
३. १९४६ व १९५४ या वर्षी राँगेलॅपच्या लोकांबाबत घेतलेल्या दक्षतेत कोणता फरक होता?