कोंबड्याला पावडर देण्याआधी अंडं टॉर्चवर बघा

पनवेल-उरण भागातल्या सभासदांचा नेहमीचा प्रश्न: "अंडी भरपूर, पण पिल्लं कमी निघतात. कोंबड्याला कोणती पावडर देऊ?" पावडरवर येऊच, पण आधी दोष कुठे आहे ते शोधू. न फळलेलं अंडं २१ दिवस उबवणीत ठेवलं, तर विकून चार पैसे झाले असते तेही जातात.

*१. सातव्या दिवशी तपासा*
अंधारात अंड्याच्या रुंद टोकाला मोबाइलचा टॉर्च लावा.
▪️ लाल शिरांचं जाळं: अंडं फळलंय.
▪️ रक्ताचं नुसतं कडं: गर्भ धरला, मग मेला. इथे लगेच कोंबड्याला दोष देऊ नका. अंडी ७ दिवसांपेक्षा जास्त साठवली का, उबवणीत ऊब कमी-जास्त झाली का, ते बघा.
▪️ आत काहीच नाही, नुसती पिवळ्याची सावली: बहुधा फळलंच नाही. अशी अंडी जास्त असतील तर कोंबड्याकडे वळा.

*२. कोंबडा बघा*
८ ते १० माद्यांमागे १ नर हवा. तो लंगडतोय का, फार जड झालाय का, शेपटीखाली उवा आहेत का? त्याच घरातली भावंडं एकत्र सोडलीत तरी पिल्लं कमी निघतात. नर बाहेरून आणा. पत्र्याखाली उकाडा ३२ अंशांच्या वर गेला की नराचा जोम कमी होतो. सावली आणि गार पाणी द्या.

*३. खाद्य बदला*
लेयर खाद्यात ३.५ ते ४ टक्के कॅल्शियम असतं. ते अंड्याच्या कवचासाठी. नराला १ टक्का पुरे, जास्तीचा ताण त्याच्या मूत्रपिंडावर येतो. मोजक्या कोंबड्या असतील तर सगळ्यांना ग्रोअर खाद्य द्या आणि माद्यांसाठी शिंपल्याची चुरी वेगळ्या भांड्यात ठेवा. बुरशी लागलेला मका आणि सरकी पेंड नराला नको.

*४. आता पावडर*
कोंबड्याच्या शुक्राणूंचं आवरण नाजूक, लवकर खराब होणारं असतं. ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम त्याला जपतात, जस्तही लागतं. पण सेलेनियम किलोभर खाद्यात एकूण ०.३ मिलिग्रॅमच्या वर नको, जास्त झालं तर विष. तयार खाद्यात ते बहुधा असतंच. पिशवीवरची चिठ्ठी वाचा, दोन पावडरी एकत्र देऊ नका.

*५. चार दिवसांत फरक शोधू नका*
नवे शुक्राणू तयार व्हायला साधारण २ आठवडे लागतात. मादीच्या पोटात आधीचे शुक्राणू आणखी १०-१४ दिवस टिकतात. म्हणून बदल केल्यावर पाचव्या आठवड्यातली अंडी बसवा आणि सातव्या दिवशी पुन्हा टॉर्च लावा.

बसवलेली किती, फळलेली किती, एवढे दोन आकडे या मेसेजला उत्तर म्हणून पाठवा. त्यावरून पुढचं ठरवू.

– आपला कृषी सल्लागार