टाकीखालच्या संपचा आवाज आणि शिंतोडे: पंप बंद करू नका, पाइप बघा



आधी एक खुलासा. संप म्हणजे ट्रॉलरवाल्यांचा संप नव्हे. काचेच्या मुख्य टाकीखाली जी दुसरी टाकी असते तिला संप म्हणतात. वरचं पाणी पाइपातून खाली येतं, जाळीतून, स्पंजातून गाळून स्वच्छ होतं आणि पंप ते परत वर ढकलतो. आपल्यातल्या बऱ्याच घरांनी आता जिवंत शेवंडी ठेवायला किंवा शोभेच्या माशांसाठी अशा टाक्या बसवल्यात. आणि सोसायटीत तक्रार एकच येते, आवाज फार होतो.

एका सभासदाकडून सकाळी सकाळी बोलावणं आलं. हॉटेलला द्यायच्या अकरा शेवंडी टाकीत होत्या, त्यातल्या सात मेलेल्या. पाणी बघितलं, खारटपणा बघितला, सगळं बरोबर. मग घरातली सून हळूच म्हणाली, "सासूबाईंना झोप लागत नाही म्हणून रात्री दहाला पंप बंद करतो." पलीकडच्याच खोलीत म्हातारी झोपते आणि टाकी रात्रभर गुडगुड करते, तर तिची तरी काय चूक? चूक माझी होती. ती टाकी बसवताना मीच हजर होतो आणि खाली येणारा पाइप सरळ उघडा सोडून घरी आलो होतो.

पंप बंद केला की काय होतं ते समजून घ्या. आपल्याकडच्या उकाड्यात समुद्राच्या एका लिटर पाण्यात प्राणवायू जेमतेम ६ ते ६.५ मिलिग्रॅम मावतो. पाणी फिरायचं थांबलं की दाटीनं ठेवलेला माल तो संपवून टाकतो. शिवाय संपच्या स्पंजात आणि खड्यांत जे जंतू माशांच्या घाणीचं विष खातात, त्यांनाही प्राणवायू लागतोच. ते गुदमरले की विष साठतं, आणि सकाळी पंप चालू केल्यावर तेच कुजकं पाणी वर जातं. म्हणून पंप बंद करणं हा आवाजावरचा उपाय नाही. आवाज जिथून येतो ती जागा शोधायची.

कान लावून बघा. निम्म्याहून जास्त वेळा आवाज पाण्याचा नसतो, पाण्याबरोबर खेचल्या जाणाऱ्या हवेचा असतो. न्हाणीघराच्या मोरीतून शेवटचं पाणी जाताना जशी घुर्र होते, तसंच. पाइप रुंद, पाणी कमी, मधे भोवरा होतो आणि हवा आत ओढली जाते. हवा-पाणी मिसळून खाली येतं, संपमध्ये फुटतं, आणि शिंतोडे उडतात. म्हणजे गुडगुड आणि शिंतोडे हे दोन रोग नाहीत, एकच आहे.

टाकीला खाली जाणारा एकच पाइप असेल तर उपाय स्वस्त आहे. उभ्या पाइपाच्या टोकाला टी बसवा. टीच्या आडव्या तोंडाला खाली वळलेला एल्बो लावा, म्हणजे पाणी पृष्ठभागाखालून आत जाईल. टीच्या वरच्या तोंडाला टोपण घालून त्याला बारीक भोक पाडा. हवा त्या भोकातून शांतपणे जाते, भोवरा होत नाही. भोक मात्र एकदम मोठं पाडू नका. २-३ मिलिमीटरनं सुरुवात करा. भोक लहान पडलं तर पाइप पाण्यानं गच्च भरतो, जोरात ओढतो, पातळी खाली जाते, मग हवा घेतो, आणि दर मिनिटाला संडासाचा फ्लश ओढल्यासारखा आवाज येतो. तसं झालं तर भोक थोडं थोडं वाढवा. जास्त मोठं झालं की परत गुडगुड सुरू. टोपण पाच-दहा रुपयांचं असतं, दोन जास्तीची आणून ठेवा.

टाकीला दोन भोकं असतील तर याहून छान काम होतं. एका पाइपाला खाली व्हॉल्व्ह लावायचा आणि तो हळूहळू आवळत जायचं, पाइपात निव्वळ पाणी राहील इतका. हवाच नाही म्हणजे आवाजही नाही. दुसरा पाइप थोडा उंच आणि कायम उघडा. तो अडचणीसाठी. पहिला तुंबला तर पाणी दुसऱ्यातून जाईल. या दुसऱ्या पाइपाला कधीही कॉक लावायचा नाही. आणि पाइप एकच असेल तर त्याला व्हॉल्व्ह लावून आवळायचा प्रयत्नही करू नका. एक गोगलगाय किंवा शेवाळाचा गोळा अडकला की टाकीचं पाणी घरभर. व्हॉल्व्ह गोल फिरवून हळू उघडणारा, गेट व्हॉल्व्ह घ्या, पाव फेरीत उघडणाऱ्या बॉल व्हॉल्व्हनं बारीक जुळवणी होत नाही.

इथे एक गोष्ट ठळक सांगतो, कारण ही चूक होताना मी बघितली आहे. हार्डवेअरच्या दुकानात गेट व्हॉल्व्ह मागितला की पितळी देतात. मजबूत असतो, दिसायला छान असतो. पण पितळेत तांबं असतं, खाऱ्या पाण्यात ते विरघळतं, आणि शेवंडी, कुर्ल्या, सुंगटं यांना तांबं म्हणजे विष. मासे एकवेळ तग धरतील, कवचवाले धरत नाहीत. व्हॉल्व्ह प्लास्टिकचाच. त्याच कारणानं पितळी निपल, तांब्याची तार, काहीही पाण्यात जाऊ देऊ नका.

आता खालचं टोक. पाइप पाण्याच्या वर संपत असेल तर धबधबा पडणारच. तो पाण्यात साधारण १ इंच बुडलेला हवा. काही जण शिंतोडे नकोत म्हणून पार तळापर्यंत नेतात, ते चुकीचं आहे. खोल गेलं की आतली हवा बाहेर पडायला जोर लागतो, मग ती साठून एकदम ढेकर दिल्यासारखी फुटते आणि पाणी झाकणापर्यंत उडतं. पाइपात थोडी हवा येतच असेल तर खालच्या टोकालाही टी लावा आणि तिचं एक तोंड पाण्याच्या वर उघडं ठेवा. हवा वरून निघून जाईल, पाणी खालून. मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी टोकाला बांधली तर आवाज आणखी दबतो, पण ती दर दोन-तीन दिवसांनी धुवायची. नाहीतर तीच तुंबते आणि तिच्यातच घाण कुजते.

पंपाची घरघर वेगळी असते. इंजिनाखाली रबर का घालतो हे होडीवाल्यांना मी सांगायला नको. पंप काचेला टेकला असेल तर अख्खी टाकी ढोलासारखी वाजते. खाली स्पंजाचा तुकडा, आणि पंप व कडक पाइप यांच्यामध्ये वीतभर मऊ नळी. पाइप लाकडी स्टँडला घासत असेल तर तिथेही रबर. घरघर खरखरीत झाली तर पंपाचा पंखा काढून बघा, त्यावर पांढरा थर चढलेला असतो. पाणी घातलेल्या व्हिनेगरमध्ये भिजवून ब्रश मारा, धुवा, बसवा. आणि पंप सूं सूं करत बारीक बुडबुडे वर पाठवत असेल तर तो हवा घेतोय, म्हणजे संपमधलं पाणी कमी झालं. वाफ होऊन गेलेल्या पाण्याच्या जागी गोडंच पाणी घालायचं. वाफ होते ती पाण्याची, मीठ टाकीतच राहतं. समुद्राचं घातलं तर खारटपणा वाढत जातो.

शिंतोड्यांनी झोप जात नसली तरी ते धोक्याचे आहेत. खाऱ्या पाण्याच्या एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम क्षार. थेंब सुकला की मीठ राहतं, मीठ ओल धरतं, ओलीतून वीज चालते. एका घरी मी स्टँडच्या आत खाली ठेवलेला एक्स्टेन्शन बोर्ड बघितला, पिनांना हिरवी बुरशी आल्यासारखी झालेली आणि कडेचं प्लास्टिक काळं. त्या घरात शाळेत जाणारी दोन मुलं टाकीत हात घालून खाणं टाकतात. बोर्ड संपच्या वर नको, बाजूच्या भिंतीला, उंच. वायर प्लगकडे जाताना मधे खाली झोळ द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळातून खाली पडेल, प्लगमध्ये जाणार नाही. आणि वायरमनकडून ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवून घ्या. हात घालायच्या आधी स्विच बंद. पाच मिनिटं पंप बंद राहिला तर काही मरत नाही.

संपला झाकण घाला, पण हवाबंद नको. दोन बोटं फट ठेवा. सगळं शांत केलं की बुडबुडे कमी होतात, म्हणजे हवाही कमी मिसळते, हे लक्षात ठेवून दाटीच्या टाकीत हवेचा दगड एक जास्तीचा सोडा.

शेवटी वीज घालवून बघायची. आपल्याकडे ती आपोआपच जाते, पण तुम्ही समोर असताना मुद्दाम घालवा. पंप थांबला की वरचं पाणी थोडं खाली उतरतं. टाकी १२० बाय ४५ सेंटिमीटर आणि पातळी ३ सेंटिमीटर उतरली तर १६ लिटर झालं. तेवढी जागा संपमध्ये रिकामी हवी. वर पाणी सोडणाऱ्या नळीचं तोंड खोल बुडालं असेल तर तीही उलटी ओढते, म्हणून तिला पृष्ठभागाच्या जरा खाली बारीक भोक पाडा आणि ते मिठानं, शेवाळानं बुजलं नाही ना हे आठवड्याला बघा. चाचणी झाली की चालू पंपाची पातळी आणि बंद पंपाची पातळी काचेवर मार्करनं लिहून ठेवा.

त्या सभासदाच्या घरी टी, एल्बो, टोपण आणि स्पंज एवढ्यावर काम भागलं. म्हातारी आता म्हणते, पंखाच जास्त वाजतो.

जून-जुलैच्या बंदीत होड्या वर असतात, त्या दिवसांत ज्यांना हे करून घ्यायचंय त्यांनी संध्याकाळी सोसायटीत या, एक पाइप कापून दाखवतो. येताना आपल्या टाकीच्या पाइपाचा घेर आणि संपची लांबी-रुंदी-उंची मोजून आणा, आणि खालच्या बाजूचा एक फोटो.

आपला,
सचिव