पेशव्यांच्या कागदांतील अरबी साल

शनिवार पेठेंतील कोणाहि विद्यार्थ्यास शनिवारवाड्याचा पाया केव्हां घातला असें विचारलें, तर तो १० जानेवारी १७३० ही तारीख चटकन सांगतो. परंतु थोरल्या बाजीरावांच्या फडावरील कारकुनास या तारखेचा कांहींच उमज पडला नसता. त्याच्या लेखीं तो शके १६५१ चा माघ महिना होता. आणि सरकारी कागदावर साल घालावयाचें तर त्यानें "सु॥ सलासीन मया व अलफ" असें लिहिलें असतें. हे शब्द अरबी आहेत. सलासीन म्हणजे तीस, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार, एकूण ११३०. ब्राह्मण पेशव्यांचा कारकून, मोडी लिपि, मराठी मजकूर, आणि साल मात्र अरबी!

वर्गांत इस्लामच्या उदयाचा पाठ चालू असतां एका पालकांनीं आम्हांस विचारलें कीं, अरबस्तानांतील चौदाशें वर्षांपूर्वींच्या गोष्टी पुण्याच्या मुलांनीं कशास घोकाव्या? घोकूं नयेत हें आम्हांसहि मान्य आहे. पण त्या समजून घेतल्यावांचून आपल्याच पेठेचे कागद वाचतां येत नाहींत, हें त्या पालकांस आम्हीं वरील एका ओळीवरून दाखविलें. तेंच येथें थोडें विस्तारानें सांगतों.

इ. स. ६०२ पासून ६२८ पर्यंत कॉन्स्टँटिनोपलचें रोमी साम्राज्य व इराणचें सासानी साम्राज्य एकमेकांशीं झगडून जेरीस आलीं होतीं. त्याच काळांत, या दोहोंच्या दक्षिणेस, मक्का या व्यापारी शहरीं मुहंमद पैगंबरांनीं इ. स. ६१० च्या सुमारास एका ईश्वराचा उपदेश आरंभिला. त्यांचा जन्म सुमारें ५७० चा. शहरांतील वजनदार कुरैश घराण्यांस तो रुचला नाहीं, छळ होऊं लागला, आणि ६२२ सालीं पैगंबर व त्यांचे अनुयायी उत्तरेस यस्रिब गांवीं गेले. तेंच पुढें मदीना म्हणून प्रसिद्ध झालें. या स्थलांतरास हिजरत म्हणतात. ६३० त मक्का त्यांच्या हातीं आली. ६३२ त पैगंबर निवर्तले. नंतर अबू बक्र, उमर, उस्मान व अली हे चार खलिफा क्रमानें झाले. यांतील अलींचें एक बिरुद मुर्तजा असें आहे. आपल्या शनिवार पेठेचें जुनें नांव मुर्तजाबाद होतें, हें येथें जातां जातां नमूद करतों. निजामशाहींतहि मुर्तजा नांवाचे सुलतान होऊन गेले.

आतां सालाकडे वळूं. पूर्वीं अरब लोक वर्षें एखाद्या ठळक गोष्टीवरून ओळखीत. जसें, "हत्तीचें वर्ष". परंतु उमर यांच्या कारकीर्दींत (६३४ ते ६४४) सीरिया, इराक व मिसर हे प्रांत हातीं आले. राज्य वाढलें म्हणजे कागद वाढतात, आणि कागद वाढले म्हणजे साल लागतें. म्हणून ६३८ च्या सुमारास उमर यांनीं सनाची गणना ठरविली. ती पैगंबरांच्या जन्मापासून नव्हे, मक्केच्या विजयापासूनहि नव्हे, तर गांव सोडून जावें लागलें त्या वर्षापासून! आम्हांस ही निवड फार विचार करण्याजोगी वाटते.

येथें चिकित्सक विद्यार्थी विचारील कीं, हें सारें कशावरून? प्रश्न योग्य आहे. पैगंबरांचें चरित्र लिहिणारे इब्न इसहाक ७६७ च्या सुमारास वारले, आणि त्यांचा ग्रंथ आपणांस मुख्यतः इब्न हिशाम यांच्या संस्कारानें मिळतो. तबरी तर ९२३ त वारले. म्हणजे हे ग्रंथ घडलेल्या गोष्टींनंतर शेंदीडशें वर्षांनीं किंवा त्याहूनहि उशीरा झालेले. आपल्याकडील उत्तरकालीन बखरींप्रमाणेंच ते पारखून घ्यावे लागतात. पण बखरीशेजारीं जसें अस्सल पत्र, तसा तेथेंहि एक कागद सांपडला आहे. मिसर देशांतील पपायरसाचा तो तुकडा ग्रीक व अरबी अशा दोन भाषांत असून व्हिएन्ना येथें जपून ठेवला आहे. मजकूर अगदीं साधा: फौजेसाठीं मेंढ्या घेतल्याची पावती! तिच्यावर साल आहे "दोन आणि वीस", म्हणजे बावीस, इ. स. ६४३. कोणत्या सनाचें बावीस हेंहि लिहिलेलें नाहीं, इतकें तें साल तेव्हां रुळलें होतें. ही संख्या आमच्या पेशवाई कारकुनानें "इसन्ने अशरीन" अशी लिहिली असती. शब्द तेच, आणि एकं आधीं, दहं मागून हा क्रमहि तोच.

मात्र पेशवाईंतील साल थेट हिजरी नव्हे. हिजरी वर्ष चांद्र, सुमारें ३५४ दिवसांचें. त्यांत अधिक मास नाहीं. त्यामुळें त्याचे महिने ऋतूंतून मागें मागें सरकतात. शेतसारा वसूल करणाऱ्यास तें कसें चालावें? पीक कांहीं चंद्राकडे पाहून येत नाहीं. म्हणून दक्षिणेंत हिजरी ७४५ चा आंकडा घेऊन, इ. स. १३४४ पासून, सूर्य मृग नक्षत्रांत शिरतो त्या दिवशीं बदलणारें सौर साल चालूं झालें. तो महंमद तुघलकाचा काळ. यासच शुहूर सन म्हणतात. कागदावरील "सु॥" तें हेंच. मृगापासून डिसेंबरअखेर त्यांत ५९९ मिळवावे, जानेवारीपासून पुढील मृगापर्यंत ६०० मिळवावे, म्हणजे ईसवी सन येतो. गंमत अशी कीं त्याच ओळींत "छ" या अक्षरापुढें दिलेली तारीख व महिना हीं मात्र चंद्राचींच असतात. पुष्कळ पत्रांवर तर साल नसतेंच. तेथें जंत्री घेऊन बसावें लागतें.

चूक झाल्यास काय होतें तें पाहा. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची. तेव्हां शुहूर सन "इहिदे सितैन मया व अलफ", म्हणजे ११६१, व हिजरी सन ११७४ होतें. आमच्या वर्गांतील एका हुशार मुलानें ११६१ हें साल हिजरी समजून हिशेब केला, तेव्हां उत्तर आलें १७४८. शाहू महाराज १७४९ च्या डिसेंबरांत वारले. अर्थात् भाऊसाहेब पानिपतावर पडल्याची बातमी साताऱ्यास शाहू महाराजांनीं ऐकली असें होऊं लागलें! वर्ग हंसला, तो मुलगाहि हंसला. परंतु छापील पुस्तकांत अशी चूक शिरली तर कोणी हंसत नाहीं, ती पाठ होते.

एक उदाहरण घरीं सोडवावें. शनिवारवाड्यांतच नारायणराव पेशव्यांचा खून झाला त्या दिवसाचें साल "अर्बा सबैन मया व अलफ". महिना ऑगस्ट, म्हणून ५९९ मिळवावे. जो ११७४ चा आंकडा येईल तोच पानिपतच्या वेळीं हिजरी सनाचा होता. दोहोंमध्यें साडेबारा वर्षांचें अंतर कसें पडलें, तें वहींत मांडून दाखवावें.