खेळातून हाताच्या हालचालीचे मापन

मेंदूची वाढ होत असतानाच त्यास इजा पोहोचली, तर तिचे परिणाम स्नायूंच्या नियंत्रणावर जन्मभर राहतात. या अवस्थेस सेरेब्रल पाल्सी, म्हणजेच मेंदूचा पक्षाघात, असे म्हणतात. मूळ इजा वाढत नाही. मूल मात्र वाढत असते, आणि म्हणून त्याचा हात वरचेवर तपासावा लागतो. ताठर स्नायू सैल करण्यासाठी बोट्युलिनमचे इंजेक्शन द्यावे, शस्त्रक्रिया करावी, की व्यायामावरच भिस्त ठेवावी, हे बऱ्याच अंशी या तपासणीवर ठरते. ती चुकली, तर मुलाला विनाकारण सुई टोचली जाते किंवा उपयोगी उपचार त्याच्या वाट्याला येत नाही.

१९६४ साली मांडलेली व १९८७ साली सुधारलेली ॲशवर्थ श्रेणी वैद्यांच्या चांगल्या परिचयाची आहे. तीत तपासणारा मुलाचा हात स्वतः वाकवतो आणि त्यास होणारा विरोध अंकांत नोंदवतो. येथे हात हलवणारा तपासणारा असतो, मूल नव्हे. पाण्याचा पेला उचलताना त्याच हाताचे काय होते, हे तीवरून कळत नाही. डिस्टोनिया या विकारात तर अडचण आणखीच वाढते. त्यात नको असताना स्नायू आवळले जाऊन अंग पिळवटते. हे पिळवटणे भीतीने वा उत्तेजनेने वाढते आणि झोपेत बहुधा ओसरते. अनोळखी माणसासमोर बसलेल्या मुलाचा हात हा त्याचा घरचा हात नसतो.

मुलाला खेळू द्यावे व त्यातच त्याचा हात पाहावा, ही कल्पना येथून सुचते. स्वीडनमध्ये विकसित झालेल्या एका चाचणीत मुलापुढे दोन्ही हातांनी हाताळण्याजोगी खेळणी ठेवतात आणि दुर्बल हात आपण होऊन किती मदतीस येतो, हे चित्रफितीवरून जोखतात. व्हिडिओ गेमने यात यंत्राच्या डोळ्याची भर घातली. २०१० साली बाजारात आलेला किनेक्ट हा कॅमेरा अवरक्त किरणांच्या साहाय्याने अंतर मोजत असे आणि खांदा, कोपर, मनगट इत्यादी सांध्यांची जागा सेकंदाला सुमारे ३० वेळा टिपत असे. पडद्यावर बुडबुडे तरंगतात, मूल हात लांबवून ते फोडते, आणि दहा मिनिटांत शेकडो हालचालींची नोंद होते. कोणते मूल तपासणीच्या टेबलाशी बसून इतक्या वेळा हात उचलील?

या नोंदीत वैद्यास पाहावयाचा असतो तो वेगाचा आलेख. निरोगी हात एखाद्या वस्तूकडे जवळजवळ सरळ रेषेत जातो आणि त्याचा वेग घंटेच्या आकाराप्रमाणे एकदाच चढून उतरतो. फ्लॅश आणि होगन यांनी १९८५ साली या नियमितपणाचे गणित मांडले. बाधित हाताचा वेग मात्र वाटेत अनेकदा चढतो व उतरतो. हे चढउतार मोजता येतात.

तथापि खेळातील गुण म्हणजे हाताची प्रगती नव्हे. कोपर सरळ होत नसेल, तर मूल कंबरेतून पुढे झुकते आणि बुडबुडा फोडतेच. गुण वाढतात, कोपर होते तेथेच राहते. म्हणून धडाचे झुकणे वेगळे मोजणे आवश्यक ठरते. जिंकण्याच्या उत्साहाने डिस्टोनियाही उफाळू शकतो. भीती टाळली तरी उत्तेजना उरतेच. शिवाय धडाआड गेलेला हात कॅमेऱ्यास दिसत नाही, आणि तळहात वर वा खाली फिरवण्याची क्रिया, जी घास तोंडी नेण्यास हवी, ती त्याच्या नोंदीतून जवळजवळ निसटते.

किनेक्टचे उत्पादन २०१७ साली थांबले. आता साध्या कॅमेऱ्याच्या चित्रावरूनही संगणक सांध्यांची जागा अजमावतो. परंतु दोन यंत्रांचे आकडे सरसकट एकमेकांशी ताडता येत नाहीत. सहाव्या वर्षी एका यंत्रापुढे खेळलेले मूल नवव्या वर्षी दुसऱ्यापुढे उभे राहिले, तर आलेखातील कोणता फरक हाताचा आणि कोणता यंत्राचा, हे आधी तपासून घ्यावे लागते.