पन्नास सह्यांचे मुखत्यारपत्र

पर्वती संस्थानच्या कारभाराविषयी पुणेकरांच्या तक्रारी होत्या. त्या सरकारपुढे मांडावयाच्या, तर मांडणाऱ्यास तसा अधिकार कोणी दिला, असा प्रश्न येणारच. २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने त्याचे उत्तर आपल्या नियमांतच देऊन ठेवले. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने किमान ५० प्रौढ व्यक्तींच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणले पाहिजे, असा तो नियम होता. ‘सार्वजनिक काका’ या नावाने पुढे ओळखले गेलेले गणेश वासुदेव जोशी हे या उद्योगाचे प्रवर्तक. आरंभीच्या ९५ सभासदांच्या पाठीशी अशा रीतीने सहा हजारांवर माणसे उभी होती.

त्या काळी सामान्य माणसास मताचा अधिकार नव्हता; आपल्या वतीने कोण बोलणार, हे मात्र सही करणाऱ्यास ठाऊक होते. आज मताचा अधिकार प्रत्येक प्रौढास आहे. परंतु मतदान आटोपल्यावर मतदार व प्रतिनिधी यांच्यामध्ये लेखी असे काहीच उरत नाही. गाठ पडते ती लग्नकार्यात, नाही तर नळाचे पाणी बंद झाल्यावर!

सभेच्या कार्यपद्धतीतील दुसरी गोष्टही अभ्यासण्याजोगी आहे. १८७६-७७ च्या दुष्काळात तिने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारला कळविली. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात सभेची माणसे खेडोपाडी जाऊन सरकारच्याच दुष्काळविषयक नियमांत रयतेस कोणते हक्क दिले आहेत, ते समजावून सांगू लागली. सवलत मागावयाची ती दया म्हणून नव्हे, तर छापील नियमाच्या आधारे. १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली, यावरून या पद्धतीची धार लक्षात यावी.

त्याच शहरात पुणे महानगरपालिकेने २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे सुचवून घेण्याचा उपक्रम सुरू केला. पदपथ, पथदिवे, स्वच्छतागृहे, बाके अशी नित्याच्या गरजेची कामे नागरिकांनी अर्जाद्वारे सुचवावयाची. एका कामाचा खर्च ५ लाख रुपयांच्या आत असावा, अशी मर्यादा ठेवण्यात आली. अर्ज क्षेत्रीय कार्यालयाकडे जातात, तेथे कामाची व्यवहार्यता तपासली जाते आणि नंतर ते प्रभाग समितीपुढे येतात. ही समिती प्रामुख्याने त्या भागातील नगरसेवकांचीच असल्याने खरी चाळण येथे लागते. अर्ज देऊन घरी बसणाऱ्या नागरिकास हा टप्पा बहुधा दिसतच नाही. एकट्याचा अर्ज बाजूला पडू शकतो. एकाच गल्लीतील पन्नास घरांनी सह्या करून दिलेली, जागा व अंदाजे खर्च नमूद केलेली मागणी बाजूला ठेवणे नगरसेवकास तितके सोपे नाही. समितीच्या बैठकीपूर्वीच तिची प्रत त्याच्या हाती पडली पाहिजे. अंदाजपत्रक मंजूर झाल्यावर घातलेले गाऱ्हाणे पुढील वर्षाच्या वाटेला लागते.

मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपून कारभार प्रशासकाकडे गेला. पुढील निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधल्या काळात सूचना पाठविण्याची सोय होती, पण ज्याला मतांसाठी पुन्हा दारी यावयाचे आहे असा माणूस सभागृहात नव्हता. मताचा दाब म्हणजे काय, हे त्या अभावातून अधिक चांगले समजते.

ग्रामीण भागात ग्रामसभेच्या रूपाने याहून थेट साधन कायद्यानेच दिले आहे. तेथे मतदार स्वतःच सभेचा सभासद असतो. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. अनेक गावी ती भरत नाही आणि तहकूब सभा थोडक्या माणसांत उरकते. मग ठराव कोणाच्या इच्छेचा, हे विचारण्यात अर्थ राहत नाही. पंचायत सदस्य व शिक्षक यांनी विषयपत्रिका आधी वाड्यावस्त्यांवर वाचून दाखविली, तर आपल्या वस्तीचा विषय तीत नाही, हे लोकांना वेळेवर तरी कळेल. मागणी नामंजूर झाल्यास तिचे कारण लेखी मागावे. तशी नोंद उपलब्ध असल्यास माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यान्वये तिची प्रत मिळविता येते, आणि पुढील सभेत ती वाचून दाखविता येते.