हाडाची नवी पेरणी

प्रकाशा येथें तापी व गोमाई यांच्या संगमावर दूरदूरचे लोक आपल्या आप्तांच्या अस्थि विसर्जनासाठीं आणतात. तें नित्य पाहणाऱ्या विद्यार्थ्यास हाड म्हणजे घराच्या वाशासारखा निर्जीव आधार वाटला, तर नवल नाहीं. परंतु देहांत प्राण आहे तोंवर हाडहि जिवंत असतें. त्यास रक्त लागतें. त्याचा जुना भाग झिजतो व नवा भरतो. आणि मोडलें असतां नीट बसवून बांधल्यास तें बहुधा आपलें आपण सांधतें.

मात्र हाडाचा मोठा तुकडाच नाहींसा झाला, किंवा त्याचें रक्त तुटलें, तर ही निसर्गाची शक्ति अपुरी पडते. ह्या दुसऱ्या प्रकाराचें उदाहरण शोधावयास आम्हांस दूर जाणें नको. नंदुरबार जिल्ह्यांतील आदिवासी समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार आढळतो. त्यांत तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. खुब्यांत फिरणारें मांडीच्या हाडाचें गोल टोंक अशा बारीक वाहिन्यांवरच जगतें. त्या बुजल्या म्हणजे टोंकाचा कांहीं भाग मरतो, आणि पुढें शरीराच्या भारानें खचतो.

हाडांतील पोकळी भरण्यास रोग्याच्याच कमरेचें हाड काढून बसविण्याची रीत जुनी आहे, व ती आजहि चालते. पण त्यासाठीं दुसरी जखम करावी लागते, आणि काढण्याजोगें हाड थोडेंच असतें. म्हणून शास्त्रज्ञ दोन वस्तूंची सांगड घालूं पाहत आहेत.

पहिली वस्तु हायड्रोजेल. सब्जाचें बीं पाण्यांत टाकून पाहा. थोड्याच वेळांत त्याभोंवतीं बुळबुळीत, पारदर्शक आवरण येतें. सूक्ष्म तंतूंच्या जाळ्यानें धरून ठेवलेलें पाणी, तेंच जेल. प्राग येथील विख्टर्ले व लिम यांनीं शरीरांत वापरण्याजोग्या जेलविषयींचें आपलें संशोधन १९६० सालीं प्रसिद्ध केलें. कोळंबी व खेकडे यांच्या कवचांपासून काढलेल्या कायटोसानचें एक मिश्रण थंड असतां पातळ राहतें व शरीराच्या ३७ अंश उष्णतेस थिजतें. असें जेल सुईनें सोडतां येतें, आणि पोकळी कितीहि वेडीवांकडी असली तरी तींत नीट बसतें.

दुसरी वस्तु मूलपेशी. हाडांतील मज्जेंत अशा कांहीं पेशी असतात कीं, त्यांपासून हाड, कूर्चा किंवा चरबी बनूं शकते. शेतकऱ्याच्या भाषेंत पेशी हें बीं, आणि जेल ही वाफशावर आलेली जमीन. कोरड्या मातींत बीं जळतें, चिखलांत कुजतें. तद्वत् नुसत्या पेशी सोडल्या तर पुष्कळशा वाहून जातात किंवा मरतात. जेल त्यांस ओल देतें, जागीं धरतें, आणि हाड भरत जाईल तसतसें आपण विरून जावें अशी त्याची योजना असते.

महाराष्ट्रांतहि ह्या दिशेनें काम झालें आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत रेशमाच्या प्रथिनापासून हाडाची पोकळी भरणारे सच्छिद्र साचे तयार करण्यांत आले. मुंबईच्या एका कंपनीच्या उपचारास २०१७ सालीं सरकारी औषध-नियंत्रकांची मान्यता मिळाली. त्यांत रोग्याच्याच मज्जेपासून हाड घडविणाऱ्या पेशी वाढवून त्या खुब्याच्या रोगट भागांत सोडतात.

तथापि जेल व मूलपेशी यांचे बहुतेक प्रयोग अजून प्रयोगशाळेंत व प्राण्यांवरच चालले आहेत. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नियमावलीप्रमाणें, रक्ताच्या कांहीं रोगांखेरीज इतरत्र मूलपेशींचा वापर परवानगी घेतलेल्या प्रयोगांतच करावयाचा आहे. म्हणून केवळ जाहिरात वाचून कोणीं शेत गहाण टाकूं नये.

पालकांस आमचें एकच सांगणें आहे. खुब्याच्या ह्या विकारांत असे उपाय टोंक खचण्यापूर्वींच विशेष उपयोगी पडतात. पेरणीची वेळ टळल्यावर उत्तम बियाणें असून काय लाभ? मुलाचें रक्त सिकलसेलसाठीं तपासून घ्यावें. तो विकार असलेलें मूल जांघ किंवा गुडघा दुखतो म्हणालें, वा लंगडूं लागलें, तर पाय मुरगळला असेल असें समजून तेल चोळीत बसूं नये; डॉक्टरांस दाखवावें. आरंभीं क्ष-किरणांच्या चित्रांत दोष दिसेलच असें नाहीं, एम. आर. आय. तपासणींत तो लवकर कळतो. आणि विद्यार्थ्यांनो, वर्गांतील सोबती लंगडतांना दिसला तर त्याची नक्कल करूं नका. त्याचें दप्तर उचला व शिक्षकांस सांगा.